रुग्ण आला नाही

शनिवारी सकाळी साडेअकराची वेळ मिळाली. फोनवरच्या बाईने सगळं दोनदा सांगितलं आणि मच्छिंद्र तुपे यांनी ते लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. आठ दिवस कातडीला काहीही लावायचं नाही, खोबरेलसुद्धा नाही. आजवर जे जे लावलं असेल त्या ट्यूबा, बाटल्या, डब्या पिशवीत घालून आणायच्या. जुने कागद असतील तर तेही. डाग पहिल्यांदा केव्हा दिसला, कुठे दिसला, घरात आणखी कुणाला आहे का, हे घरूनच लिहून आणायचं.

"इथे आलं की पेशंटला काही आठवत नाही," बाई म्हणाली.

"मला आठवतं."

"छान. तरी लिहून आणा."

डाग उजव्या हातावर होते. बोटांच्या मुळाशी तीन, तांदळाएवढे पांढरे. दिवाळीत दिसले तेव्हा त्यांना वाटलं, चुना उडाला. साबणाने गेले नाहीत तेव्हा वाटलं, भांडी घासायच्या पावडरीने कातडी गेली असेल. मैना गेल्यापासून भांडी तेच घासत होते. मैना म्हणजे त्यांची बायको. एका सकाळी तिने चहाचं आधण ठेवलं, ओट्याला टेकली आणि खाली बसली ती उठलीच नाही. वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. धनकवडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आता ते एकटे होते. एकुलती मुलगी श्रद्धा कोथरूडला सासरी होती आणि डॉक्टरची वेळ तिनेच मागे लागून घ्यायला लावली होती.

तयारी म्हटली की मच्छिंद्रना बरं वाटायचं. स्कूटरच्या कारखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं रंगखात्यात तपासनीस म्हणून काढली. रंगवलेला पत्रा ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा, कुठे फुगा, ओघळ, ठिपका दिसला की लाल खडूने गोल करायचा आणि परत पाठवायचा. सुपरवायझर म्हणायचा, "तुपे, जाऊ द्या ना, एवढं कोण बघतंय?" तुपे म्हणायचे, "मी बघतोय." दोन हजार एक साली माणसं कमी केली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते की यांच्या हातून डाग सुटला नाही आणि तोंडून खोटं निघालं नाही. ते वाक्य मैनाने नातेवाइकांना पुढे वर्षभर ऐकवलं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी वहीचं पान फाडून पट्टीने रेघा मारल्या. पहिला डाग: दिवाळी, उजवा हात. घरात आणखी कुणाला: कुणाला नाही. लावलेली औषधं: केमिस्टने दिलेली ट्यूब. मग थांबले. बाईने सगळं म्हटलं होतं, म्हणजे पाठीचं तेलही आलं.

पाठीचं तेल ही घरातली जुनी गोष्ट होती. पत्रे उचलून तुमची पाठ धरते, असं मैनाने एकदा ठरवलं आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांना गच्चीवर नेऊन बसवायची. एका बिनलेबलच्या तपकिरी बाटलीतलं उग्र वासाचं तेल पाठीला चोळायची आणि उन्हात बसवून ठेवायची. शेजारी गजराचं घड्याळ. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. अकरावं मिनिट लागलं की ओढून सावलीत. "अगं, पेपरचं एक पान राहिलंय." "खाली जाऊन वाचा." एकदा खात्यातल्या सोनबाची पाठ धरली म्हणून त्यांनी बाटलीभर तेल मागितलं, तर तिने साफ नाही म्हटलं. त्यावरून ते तिला बोललेही होते. माणसाने इतकं हात आखडून राहू नये, म्हणाले होते. तिने बाटली परत वर्तमानपत्रात गुंडाळली.

बाटली मोरीत नव्हती, फडताळात नव्हती. मैनाच्या कपाटाला त्यांनी वर्षभर हात लावला नव्हता. आता उघडलं. खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. तिच्याखाली एक प्लास्टिकची पिशवी, दोरा बांधलेली.

पिशवीत नारायण पेठेतल्या एका वैद्यांचे कागद होते. पहिला सन शहाऐंशीचा. वर नाव लिहिलेलं: श्री. मच्छिंद्र तुपे, वय ४१. खाली: कोड, पाठीवर, कमरेच्या वर. बावचीचं तेल, आठवड्यातून एकदा, सकाळचं ऊन दहा मिनिटं, जास्त नको. आणि सगळ्यात खाली शेरा: रुग्ण आला नाही. पत्नी आली.

दुसरा कागद सत्त्याऐंशीचा. रुग्ण आला नाही. पत्नी आली. तिसरा, चौथा. वैद्यांचं अक्षर म्हातारं होत गेलं, मग दुसरंच अक्षर आलं, बहुधा मुलाचं. शेरा तोच.

वैद्यांच्या कागदांखाली ट्रेसिंग पेपर होता. श्रद्धाच्या भूगोलाच्या नकाशांसाठी त्यांनीच कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यातून मागून आणलेला, पिवळट. वर्षाला एक, असे सतरा तुकडे. प्रत्येकावर बॉलपेनने काढलेले तीन-चार वाकडे आकार आणि कोपऱ्यात मैनाच्या अक्षरात तारीख. तेव्हा त्यांना आठवलं. तेल पुसल्यावर ती पाठीवर काहीतरी ठेवायची आणि गुदगुल्या व्हायच्या. "काय करतेस?" विचारलं की म्हणायची, "मळ निघतोय, हलू नका."

ते मोरीतल्या आरशाशी गेले. शर्ट काढला, बनियन काढलं, मान वळवून वळवून बघितलं. आरसा तोंडापुरता होता. खांदा दिसला, पुढे काही दिसेना. बनियनसुद्धा ती नेहमी बाह्यांचंच आणायची, पूजेला बसतानाही अंगातून काढू द्यायची नाही. गणपतीपुळ्याला सगळे समुद्रात उतरले तेव्हा हिने त्यांना सामान सांभाळायला बसवलं होतं.

ते पलंगावर बसले. सतरा वर्षं आपल्या पाठीवर आपल्याला न विचारता काम चाललं होतं. आपण पेपर वाचत होतो.

यात मैनाला काय भीती होती तेही त्यांना कळलं, आणि त्याने राग कमी झाला नाही. लग्नाआधी त्यांनी सासवडकडची एक मुलगी पाहिली होती. सगळं जमलं होतं. चहा देताना तिच्या घोट्याशी पांढरा ठिपका दिसला आणि मच्छिंद्रनी तिथेच, तिच्या बापासमोर, चार माणसांत तसं सांगितलं आणि उठले. स्पष्ट बोलावं म्हणून ही गोष्ट त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मैनाला अभिमानाने सांगितली होती. तिने एवढंच विचारलं होतं, "पुढे त्या मुलीचं काय झालं?" त्यांना माहीत नव्हतं.

पण हे सगळं एक वेळ गिळलं असतं. घशाशी अडकली ती बैठक.

नव्याण्णव साली श्रद्धाचं ठरलं. मुलगा रविराज कॉम्प्युटरमधला, कंपनी त्याला काही महिने अमेरिकेला पाठवणार होती, त्यामुळे सगळी घाई. बैठकीला मुलाचे थोरले चुलते रंगराव यांनी शेवटी विचारलं, "तुपे, रीत म्हणून विचारतो. घरात कोणाला फिट, वेड, कोड असलं काही?" मच्छिंद्र उभे राहिले होते. म्हणाले होते, "मी सत्तावीस वर्षं डाग शोधायची नोकरी करतोय. माझ्या घरात डाग असता तर तुमच्या आधी मी सांगितला असता. गणपतीसमोर शब्द देतो." माणसं हसली, सुपारी फुटली. मैना तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

तिथे बसलेल्या प्रत्येकाशी ते खोटं बोलले होते, गणपतीसकट. आणि ते खोटं अंगात बनियनखाली घालून उभे होते.

संध्याकाळी श्रद्धा आली. मुलाला सासूकडे ठेवून आली होती. उद्याची पिशवी भरून द्यायला म्हणून आत शिरली आणि पलंगावरचे कागद पाहून दारातच थांबली. तिचा चेहरा बघून त्यांना वेगळं विचारावं लागलं नाही, तरी विचारलं.

"केव्हापासून माहीत आहे?"

"बारावीत असल्यापासून. अप्पा, आईने शपथ घातली होती."

"कशाला?"

"तुम्ही सांगून मोकळे झाला असता."

"झालोच असतो."

"मग माझं लग्न झालं असतं?"

"ते त्यांनी ठरवलं असतं. आता मी ठरवलंय. उद्या दवाखान्याआधी बुधवार पेठेत जातो, हिंमतरावांच्या दुकानात. शब्द दिला होता, तो परत घेऊन येतो."

हिंमतराव म्हणजे रविराजचे वडील, तिचे सासरे. श्रद्धा खाली बसली. "अप्पा, असं करू नका. पाच वर्षं झाली. मला त्या घरात राहायचंय. उद्या रविराज म्हणाला, तुझ्या बापाने फसवलं, तर मी काय सांगू? आणि बाळाला काही झालं, तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील."

"फसवलंच आहे. त्यांना माझ्या तोंडाने, आणि मला तुम्ही दोघींनी."

"आईने तुमच्यासाठीच केलं."

"मला विचारून केलं असतं तर माझ्यासाठी झालं असतं." त्यांनी बाटली पिशवीत घातली. "तू नुसती बघत राहिलीस. मी गच्चीवर बसलेला, तू अभ्यास करताना खिडकीतून बघत असायचीस. मला वाटायचं, बापाकडे बघते."

श्रद्धाने डोळे पुसले. जाताना दारात म्हणाली, "साडेअकराला दवाखान्यात येते. तुम्ही काहीही केलं असलं तरी येते."

शनिवारी त्यांनी अंघोळ केली, सांगितल्याप्रमाणे काही लावलं नाही. बाटली, ट्यूब, वैद्यांचे कागद, ट्रेसिंग पेपर, सगळं कापडी पिशवीत घातलं. स्वारगेटला बस बदलून दहाच्या सुमाराला बुधवार पेठेत उतरले. हिंमतरावांचं दुकान पूर्वी रेडिओच्या सुट्या भागांचं होतं, आता पुढे मोबाइलची कव्हरं लटकत होती आणि जुने व्हॉल्व्ह मागच्या फळीवर गेले होते. हिंमतराव गल्ल्यावर उदबत्ती फिरवत होते.

"या व्याही. आज शनिवारचे इकडे? बसा, चहा सांगतो."

"चहा नको. एक सांगायचंय, ते उभ्याने सांगतो." मच्छिंद्रनी पिशवी काउंटरवर ठेवली. "बैठकीत मी तुम्हाला शब्द दिला होता. तो खोटा होता. मला पाठीवर कोड आहे, शहाऐंशीपासून. मला काल कळलं. पण बोललो मी होतो, तेव्हा दोष माझा. पोरीचा त्यात काही नाही, तिला काही बोलू नका."

हिंमतरावांनी उदबत्ती खोचली. हात पुसले. मग स्टूल पुढे सरकवलं. "बसा आधी."

"तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या पाठीचं. विहीणबाई आल्या होत्या. बैठकीच्या आधी दोन दिवस, याच स्टुलावर बसल्या होत्या. असलेच कागद आणले होते. म्हणाल्या, हे संसर्गाने होत नाही, पोरीला नाही, पुढे होईल की नाही ते कुणी सांगू शकत नाही. तुम्हाला चालत असेल तर पुढे जा, नसेल तर आत्ताच पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. मी रविराजला विचारलं. तो म्हणाला, बाबा, मी मुलीशी लग्न करतोय, तिच्या वडिलांच्या पाठीशी नाही."

मच्छिंद्र स्टुलावर बसले.

"मग बैठकीत विचारलं कशाला?"

हिंमतराव थोडा वेळ मोबाइलची कव्हरं सारखी करत राहिले. "विहीणबाईंनीच सांगितलं होतं, विचारा म्हणून. दोन्हीकडचे नातेवाईक बसलेले असणार. चार माणसांत तुम्ही नाही म्हणालात की पुढे कुणी कुजबुजणार नाही. तुमच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, व्याही."

"म्हणजे रंगरावांनाही माहीत होतं."

"दादांना विचारायलाच लावलं होतं ना."

"आणि तुम्हा सगळ्यांना माहीत असताना मी गणपतीची शपथ घेत होतो. बरी करमणूक झाली असेल."

"अहो, करमणूक कसली. दादा घरी येऊन म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे."

"खात्रीचा शिक्का आहे म्हणा. हवा तिथे उमटतो." ते उठले. "श्रद्धाला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे ते?"

"नाही. विहीणबाई म्हणाल्या होत्या, तिला कळलं तर तोंडावर दिसेल आणि तुम्ही ओळखाल."

मच्छिंद्रनी पिशवी उचलली. हिंमतराव पायरीपर्यंत आले. "रागावू नका. बाई फार हुशार होती."

"हो," मच्छिंद्र म्हणाले. "मीच तेवढा तिच्या हाती लागलो."

दवाखानाही नारायण पेठेतच होता, तिथपर्यंत ते चालत गेले. एका फेरीत तीन माणसं सांभाळली हिने, त्यांच्या डोक्यात येत होतं, आणि तिघांना एकमेकांपासून झाकून ठेवलं. भांडायचं तर आता कुणाशी? घरी फोटो होता, त्याला हार होता.

श्रद्धा दवाखान्याच्या जिन्यात उभी होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. "सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. रविराजलाही. तुझी आई लग्नाआधी स्वतः दुकानात जाऊन सांगून आली होती."

ती पायरीवरच बसली. वरून उतरणाऱ्या एका बाईला तिने वाट दिली नाही, बाईच भिंतीला चिकटून गेली.

"अप्पा, मी रोज अंघोळ घालताना बाळाची पाठ बघते," ती म्हणाली. "दार लावून. सासूबाई म्हणतात, एवढा वेळ काय घालतेस अंघोळीला. दोन वर्षं मी दार लावून बघतेय. आईने मला एवढं तरी सांगायचं."

मच्छिंद्रना काल तिच्यावर आलेला राग आठवला. तो आता कुठे ठेवावा ते कळेना. त्यांनी तिला हात देऊन उठवलं. "चल. नंबर जाईल."

डॉक्टर सरोजिनी पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हात पाहिला, मग मच्छिंद्रनी रेघा मारून आणलेला कागद हातात घेतला. "पहिला डाग दिवाळीत?"

"ते चुकलंय. सन शहाऐंशी, पाठ." त्यांनी खिशातलं पेन काढून कागदावरचं खोडलं आणि वर बरोबर लिहिलं. 'घरात आणखी कुणाला' यापुढचं मात्र तसंच ठेवलं.

शर्ट काढून ते खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी पाठ पाहिली, दाबून पाहिली, मग टेबलावरचे ट्रेसिंग पेपर एकेक करून पाठीला लावून पाहिले. बराच वेळ लागला.

"हे कोणी काढलं?"

"बायकोने."

"सतरा वर्षं?"

"मला न सांगता."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "उन्हात किती वेळ बसवायच्या?"

"दहा मिनिटं. गजर लावून."

"अकरा-बारा केली असती तर या तेलाने पाठ भाजली असती. पुष्कळांची भाजते. तुमची जवळजवळ निम्मी भरलीय." "पण हे पेशंटला न सांगता करायचं नसतं. भाजलं असतं तर तुम्हाला कशाने झालं तेही कळलं नसतं. इथे मी तसं चालू देणार नाही."

मच्छिंद्रनी मान हलवली. कालपासून कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने बोललं होतं, आणि ते मैनाच्या विरुद्ध होतं. ते त्यांना बरं वाटलं नाही.

"मला बघायचीय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे पाठ करून त्यांना उभं केलं आणि हातात दुसरा आरसा दिला. आधी नुसतं छत दिसलं. मग पाठ आली. कमरेच्या वर पांढरे भाग होते आणि त्यांच्या आत तपकिरी ठिपके, पावसाचे थेंब पत्र्यावर सुकावेत तसे. सवयीने त्यांनी पाठ उजेडाला तिरकी धरली. एकोणसाठ वर्षांच्या माणसाची पाठ. एकाच माणसाने दर रविवारी पाहिलेली, आणि ते माणूस काही न बोलता गेलेलं.

"तेल आता बंद," डॉक्टर म्हणाल्या. "हाताला मलम तुम्ही लावाल. पाठीला कोण लावणार?"

"मी लावीन," श्रद्धा म्हणाली. "रविवारी येईन."

मच्छिंद्रनी हातातला आरसा टेबलावर ठेवला.

"आणि हे असंच चालू ठेवा," डॉक्टरांनी ट्रेसिंग पेपरवर बोट ठेवलं. "फोटोपेक्षा चांगलं कळतं. आजचा एक काढून द्या मला." त्यांनी खणातून कोरा पातळ कागद आणि पेन काढून श्रद्धापुढे धरलं.

श्रद्धाने बापाकडे पाहिलं. पेन हातात घेतलं नाही.

मच्छिंद्र पुन्हा खुर्चीवर बसले, पाठ तिच्याकडे करून. "काढ," ते म्हणाले. "पण काढलास की तो कागद आधी माझ्या हातात दे. तारीख मी घालणार."

पाठीवर कागद टेकला. पेन फिरायला लागलं. सतरा वर्षं ओळखीची तीच गुदगुली होती, आणि या वेळी त्यांनी ती न हलता मोजली. चार आकार. कागद पुढे आला तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिला, तारीख घातली, आणि तारखेखाली लिहिलं: रुग्ण हजर.